रीड्स मोजले, पेशी मोजल्याच नाहीत

स्टेम सेलपासून प्लेटमध्ये वाढवलेल्या टी पेशी (रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) सीडी४ आणि सीडी८ ही पृष्ठभागावरची दोन्ही प्रथिनं दाखवू लागल्या, त्या दिवशी फ्लो सायटोमेट्रीच्या (पेशींवरच्या खुणा मोजणाऱ्या तंत्राच्या) स्क्रीनवरून माझी नजर हटेना. कित्येक आठवड्यांचं कल्चर सार्थकी लागलं होतं. पण खरा प्रश्न पुढेच होता: शरीराबाहेर घडलेल्या या पेशींचे रिसेप्टर, म्हणजे जंतू ओळखणारी प्रथिनं, एकमेकांपासून किती वेगळे आहेत?

शरीरात रिसेप्टर घडवण्याचं हे काम थायमस या छातीतल्या ग्रंथीत होतं. रॅग एन्झाइम व्ही, डी, जे हे जनुकांचे तुकडे कापतात, मग ते जोडले जातात. रिसेप्टरच्या दोन साखळ्यांपैकी माणसाच्या बीटा साखळीत डीचे तुकडे फक्त २ आणि जेचे १३. एवढ्यावर अफाट वैविध्य येत नाही. ते येतं सांध्यातून, कारण तिथे टीडीटी नावाचं एन्झाइम कुठल्याही साच्याशिवाय न्यूक्लिओटाइड (डीएनएची अक्षरं) घालत जातं. त्या सांध्याचा भाग म्हणजे सीडीआर३.

रिसेप्टरच्या जनुकांचा क्रम वाचणाऱ्या पहिल्या सिक्वेन्सिंगमध्ये मूठभर क्लोननी (एकच रिसेप्टर असलेल्या पेशींच्या गटांनी) जवळजवळ निम्मे रीड्स, म्हणजे वाचलेले क्रम, व्यापले होते. मी हिरमुसले, गाइडना सांगितलंही, की विविधता नाहीच. त्यांनी एवढंच विचारलं, "पेशी किती घेतल्या होत्यास?"

जेमतेम दोन हजार. आणि रीड्स लाखोंनी! पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती काढताना, सुरुवातीला ज्याच्या जास्त प्रती निघाल्या, तो क्लोन शेवटी डोंगराएवढा दिसतो. मी प्रतींनाच पेशी समजत होते.

दुसऱ्या वेळी भरपूर पेशी घेतल्या आणि पीसीआरच्या आधीच प्रत्येक आरएनए रेणूच्या प्रतीला वेगळा बारकोड (ओळखीचा छोटा क्रम) लावला. त्यानेही पेशी मोजल्या जात नाहीत, कारण एका पेशीत अनेक रेणू असतात. म्हणून नमुना सुरुवातीलाच दोन नळ्यांत विभागला. दोन्हीकडे ठळक दिसेल तोच क्लोन खरोखर वाढलेला मानायचा. प्रौढ रक्तातल्या टी पेशींशी तुलना करतानाही दोन्हीकडून सारख्याच संख्येने बारकोड निवडले. ही पायरी कुणीच गाळू नये, असं मला मनापासून वाटतं.

आता चित्र पालटलं. व्हीची बहुतेक सगळी कुटुंबं हजर होती, ठळक क्लोन विरले. उणीव निघाली ती सांध्यात: सीडीआर३ आखूड, मधे घातलेली न्यूक्लिओटाइड थोडी. गर्भातल्या सुरुवातीच्या टी पेशींत असंच असतं. बीटाची जोडणी चालू असतानाच्या पेशी तपासल्या, तर टीडीटीचा आरएनए खरोखरच कमी होता.

आता प्रत्येक प्लेटमधून त्या टप्प्यावर एक नळी टीडीटीसाठी बाजूला ठेवते.