बोर्ड वाळला का?

दुपारी अडीचला, जेवणानंतरची पेंग उतरायची वाट बघत बसले होते, तेवढ्यात व्हॉट्सॲपवर निरोप आला. 'मॅडम, बेकरीचं नाव लिहायचंय. अक्षराला किती घेता?'

मी लोगो, खोके, पाट्या, लग्नपत्रिका असलं सगळं करते. माझ्या दरपत्रकाची छान पीडीएफ आहे, तिच्यात 'पॅकेज' हा शब्द चारदा येतो. अक्षराचा दर कुठेच नाही. तरी मी विचारलं, 'नाव काय?' उत्तर आलं, 'यज्ञेश्वरी.' आणि माझी बोटं आपसूक हलली. य, ज्ञे, श्व, री. चार.

हे मोजमाप बाबांचं. जोडाक्षर एकच धरायचं. काना, मात्रा, वेलांटी फुकट. ज्याच्या दुकानाचं नाव जोडाक्षरांचं, तो शहाणा. 'लक्ष्मीनारायण'मधल्या त्या 'क्ष्मी'पाशी बाबांची पाऊण तास कंबर मोडायची आणि पैसे मिळायचे शेजारच्या 'ना'एवढेच. वर गिऱ्हाईक म्हणणार, "काय ओ पेंटर, नुसतं नाव तर लिहायचंय!"

कोल्हापुरात पेंटर म्हटलेलं बाबांना आवडायचं. बाबूराव पेंटरांचं मूळ आडनाव मेस्त्री, पण ते कुणाच्या लक्षात आहे? नाटकांचे पडदे रंगवता रंगवता धंदा आडनाव होऊन बसला. सिनेमा काढला तरी ते पेंटरच राहिले. बाबा हे दर दोन महिन्यांनी सांगायचे, पहिल्यांदाच सांगितल्यासारखं.

दारापुढे पत्र्याची शेड होती. तिथे रेड ऑक्साईडचा हात मारलेले पत्रे भिंतीला टेकून उभे असायचे. शाळेतून आलं की दप्तर टाकायचं आणि सूत धरायचं. सुतावरून खडू फिरवून झाला की मी एक टोक अंगठ्यानं पत्र्यावर दाबायची. बाबा दुसरं टोक ताणायचे, मधोमध चिमटीत उचलायचे आणि सोडायचे. टप्! पांढरी रेघ. अंगठा जरा जरी सरकला तरी रेघ दुहेरी उमटायची. मग ओलं फडकं, आणि परत पहिल्यापासून. रागवायचे नाहीत, पण पुसताना माझ्याकडे बघायचेही नाहीत. शिरोरेघ सगळ्यात आधी. "कपडे वाळत घालायचे तर दोरी आधी बांधतात का नंतर?" एवढंच शिक्षण. पुढे कॉलेजात हेच चार व्याख्यानांत शिकवलं, आणि त्यात दोरी नव्हती.

ह्या शिक्षणाचा एक त्रास आहे. मला रस्त्यानं सरळ चालता येत नाही. फ्लेक्सवरचा दंडाचा 'ल' आणि गाठीचा 'श' दिसला की मी थांबते. बाबांचा 'ल' दोन पाकळ्यांचा, 'श' देठाचा. संगणकावरचे बरेचसे फाँट हिंदी वळणाचे, त्यामुळे एका पिढीला तेच बरोबर वाटायला लागलं. मागे एका गिऱ्हाइकानं माझी पत्रिका परत पाठवली होती, 'मॅडम, ल चुकलाय' असं म्हणून. २०२२ साली सरकारनं निर्णय काढून पाकळीचा ल आणि देठाचा श वापरा म्हणून सांगितलं, तेव्हा मी ती बातमी बाबांना वाचून दाखवली. बाबा म्हणाले, "बरं झालं, आता मी कायदेशीर."

पण सांगत होते पैशांचं. बाबांना पैसे मागता यायचे नाहीत. "बघा, समजून द्या" हे त्यांचं दरपत्रक. समोरच्याला फार लवकर समजायचं. उधारीचा हिशेब आईकडे, 'कालनिर्णय'वर. दूध खाली कोपऱ्यात, बोर्ड वर. एकादशीच्या चौकटीत 'हॉटेल ६०', संकष्टीला 'पिठाची गिरणी ३५'. महिना उलटला की आई राहिलेले आकडे पुढच्या पानावर उतरवायची. काही आकडे जानेवारीत निघून दिवाळी बघायचे.

वसुलीला मला पाठवायची, पण पैसे हा शब्द काढायचा नाही अशी ताकीद. "जा, काकांना म्हणावं, आईनं विचारलंय, बोर्ड वाळला का?" ऑइलपेंट फार तर दोन दिवसांत वाळतो. मी दीड महिन्यानं विचारायला जायची. हॉटेलवाले काका गल्ल्यामागून वर टांगलेल्या बोर्डाकडे बघायचे, मग माझ्याकडे, आणि गंभीरपणे म्हणायचे, "जरा ओला आहे गं अजून." हातावर एक भजी. पुढच्या खेपेला मात्र वाळलेला असायचा. ह्या पद्धतीत कुणाचा अपमान झाला नाही. भजी मी खाल्ली, आकडा आईनं खोडला.

नोकरी सोडली तेव्हा बाबांसारखी अक्षरं काढणार असं मी सगळ्यांना सांगत सुटले होते. आईचं नाव कुणाजवळ काढलं नाही. मग उद्यम नोंदणीचा अर्ज भरायला बसले. त्यात विचारलं होतं, उत्पादन की सेवा? मी बाबांना फोन लावला. तिकडे बराच वेळ शांतता. "पत्रा त्याचा, रंग माझा," ते म्हणाले. "तुझ्या आईला विचार." आई लांबूनच म्हणाली, "सेवाच. आयुष्यभर तेच केलंय." मी 'सेवा'वर खूण केली.

आता मी गिऱ्हाइकांना लिहिते, 'नमस्कार, फाइल नीट उघडतेय ना?' फाइल पाठवून तीन आठवडे झालेले असतात. हुशार माणसं समजतात. एकानं मात्र मनापासून लिहिलं, 'हो मॅडम, एकदम छान उघडते.' त्याचं काय करायचं हे आईनं शिकवलेलं नाही.

यज्ञेश्वरीला मी शेवटी पीडीएफच पाठवली. संध्याकाळी घरी फोन केला, तर बाबांनीच उचलला.

"चार अक्षरं? ज्ञे आहे म्हणजे वेळ जाणार. किती सांगितलेस?"

मी निम्मा आकडा सांगितला.

"एवढे?" बाबा म्हणाले. "अगं, बेकरीवाला आहे तो. समजून दे म्हणायचं."

फोन स्पीकरवर होता, हे मला मागून भांड्यांचा आवाज आला तेव्हा कळलं. नळ बंद झाला.

"आता खरा आकडा सांग," आई म्हणाली. "आणि आज तारीख काय?"