अहमदाबादच्या कोटात शनिवार-रविवार

अहमदाबादला जायचं म्हटलं की जो तो साबरमती आश्रम, अडालजची वाव (पायऱ्यांची विहीर) आणि रिव्हरफ्रंट सांगतो. एका सहल कंपनीने पाठवलेल्या कार्यक्रमात तर जुन्या शहराला जेवणाआधीचे दोन तास दिले होते. मला मुळात तेच बघायचं होतं. अहमदशहाने १४११ मध्ये वसवलेलं आणि २०१७ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेलं हे भारतातलं पहिलं शहर. म्हणून ठरवलं, शनिवार-रविवार जुनं शहर सोडायचं नाही. आश्रम पुढच्या खेपेला. सोबत आई होती आणि तिला हे एकदम पटलं, कारण गाडीत बसून ठिकाणं 'उरकणं' तिला अजिबात आवडत नाही.

मुंबईहून शुक्रवार रात्रीची गुजरात मेल धरली. ती भल्या सकाळी कालुपूरला, म्हणजे अहमदाबाद स्टेशनला सोडते आणि जुनं शहर स्टेशनला लागूनच आहे. मुक्कामासाठी पोळेतली, म्हणजे जुन्या शहरातल्या एका दाट मोहल्ल्यातली, जुनी हवेली निवडली. बुकिंगआधी फोन करून दोनच गोष्टी विचारल्या: रिक्षा नेमकी कुठपर्यंत येते आणि खोली कितव्या मजल्यावर आहे. पोळांच्या गल्ल्या अरुंद, जिने उभे. वयस्कर माणूस बरोबर असेल तर हे विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत. जानेवारीत जाणार असाल तर उत्तरायणाचे, म्हणजे संक्रांतीचे दिवस टाळा, किंवा मग खास पतंगांसाठीच जा. तेव्हा पोळांच्या गच्च्यासुद्धा भाड्याने जातात.

पुढचा सगळा बेत मी नकाशावर न आखता घड्याळावर आखला. सकाळी वारसा फेरी. ही महापालिकेची फेरी कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघून पोळांमधून जामा मशिदीपाशी संपते. सकाळी गल्ल्यांत गर्दी कमी असते आणि लाकडी कोरीवकाम मान वर करून निवांत बघता येतं. एका चौकातल्या चबुतऱ्यापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. एक कोरलेला खांब, वर छत्रीसारखं छोटं घर आणि त्यात पाखरांसाठी दाणे. एवढ्या दाटीच्या वस्तीत माणसांनी पाखरांसाठी जागा राखली, याचं मला फार अप्रूप वाटलं. घरांच्या चौकाखाली पावसाचं पाणी साठवायची टाकी असते. तिला तिथे टांकू म्हणतात.

जामा मशीद १४२४ ची. नमाजाच्या वेळा वगळून जायचं, आणि शुक्रवारची दुपार तर नकोच. सिदी सय्यदची १५७३ मधली मशीद मात्र मुद्दाम दुपारनंतर ठेवली. तिच्या त्या प्रसिद्ध दगडी जाळ्या पश्चिमेच्या भिंतीत आहेत, म्हणजे ऊन उतरताना प्रकाश त्यांच्यातून येतो. झाडाच्या फांद्या एकमेकींत गुंतत जातात, तरी प्रत्येक फांदी वेगळी दिसते. दगड आहे हे डोळ्यांना पटत नाही.

पण आपण मराठी माणसांनी चुकवू नये ती जागा म्हणजे तीन दरवाजा. भद्रच्या किल्ल्यासमोर, भर बाजारात, तीन कमानींचं हे प्रवेशद्वार उभं आहे. १७५८ पासून शहर मराठ्यांकडे होतं. पेशवे आणि गायकवाड यांच्यात कारभार वाटलेला. १८१२ मध्ये सुभेदार चिमणाजी रघुनाथ यांनी काढलेला हुकूम इथे देवनागरीत कोरलेला आहे. मुलीला बापाच्या मालमत्तेतला वाटा विनाहरकत मिळावा. हुकूम मोडणाऱ्या हिंदूला महादेवापुढे आणि मुसलमानाला अल्लापुढे जाब द्यावा लागेल, असा त्याचा आशय. येण्याआधी याबद्दल वाचलेलं होतं, म्हणूनच शोधता आला. फेरीवाल्यांच्या गर्दीतून लोक त्याच्यासमोरून सरळ निघून जातात. आईने शिलेवर हात ठेवला आणि म्हणाली, "आमच्या वेळी कोणी विचारलंसुद्धा नाही गं, वाटा हवा का म्हणून." नंतर बराच वेळ ती मामांच्या शेताबद्दल बोलत राहिली. तिच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

कोटाची भिंत आता फारशी उरलेली नाही, दरवाजे मात्र आहेत. ते सगळे गोळा करत फिरण्यात वेळ घालवू नका. त्यापेक्षा माणेकचौक दोनदा बघा: दिवसा सराफा, रात्री खाण्याच्या गाड्या. मध्ये हवेलीवर परतून झोप काढता येते, हा आत राहण्याचा मोठा फायदा.

रविवार सकाळ गुजरी बाजारासाठी मोकळी ठेवली होती. एलिसब्रिजजवळ नदीकाठी हा बाजार भरतो. जुनी भांडी, हत्यारं, पुस्तकं, लाकडी सामान, काय हवं ते. लवकर गेलात तर ऊन चढायच्या आत निवांत बघून होतं. परतीची गुजरात मेल रात्रीची, त्यामुळे दुपारी आईच्या आग्रहाने पुन्हा तीन दरवाजाला गेलो. तिला त्या शिलेचा फोटो मावशीला पाठवायचा होता.