मंगळवार, रात्रीचे साडेदहा

आज पाय केला. म्हणजे मशरूम, बटाटा, गाजर, मटारचं पांढऱ्या सॉसमधलं सारण आणि वर खुसखुशीत झाकण, तो पाय. धाकट्याला या शब्दाचं दर वेळी हसू येतं, आईने पाय भाजला म्हणून घरभर ओरडत फिरतो, फिरू दे.

खरं तर आज केला म्हणणं अर्धंच खरं, कारण मोठं काम काल रात्रीच झालं होतं. ऑफिसच्या दिवशी पाय करायचा तर तो दोन संध्याकाळींत वाटून घ्यायचा हे मला फार उशिरा सुचलं. पूर्वी मी सगळं एकाच दमात करायला जायचे, सात वाजता सुरुवात, सॉस गॅसवरून उतरवला की तसाच गरम डिशमध्ये, त्यावर लगेच लाटलेलं झाकण, आणि मग झाकणातलं बटर ओव्हनमध्ये जायच्या आधीच वितळायला लागायचं, कडा घसरून आत जायच्या आणि भाजून निघायचं ते तेलकट, चिवट काहीतरी. मुलं काही न बोलता खायची पण बाजूला काढून ठेवलेले तुकडे दिसायचे ना मला.

तर काल जेवणं झाल्यावर आधी कणीक. मैदा २०० ग्रॅम, बटर १०० ग्रॅम, म्हणजे मैद्याच्या निम्मं, अर्धा चमचा मीठ आणि बर्फाचं पाणी चार-पाच मोठे चमचे, तेही लागेल तसं. बटर गारच हवं यावर मी आता अजिबात तडजोड करत नाही. बटरचे छोटे छोटे कण पिठात तसेच राहिले पाहिजेत, ओव्हनच्या उष्णतेने ते वितळतात, बटरमध्ये थोडं पाणी असतंच त्याची वाफ होते, ती वाफ पिठाचे थर उचलते आणि पापुद्रे सुटतात. बटर आधीच पिठात जिरून गेलं तर उचलायला काही उरतच नाही. माझे हात कायम गरम, त्यामुळे मी बटर फ्रीझरमध्ये दगडासारखं करून किसणीवर किसते आणि बोटांच्या टोकांनी जेमतेम पिठात मिसळते. मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं, मळलं की ते चिवट होतं. चपटा गोळा करून झाकून फ्रिजमध्ये.

मग सारण. मशरूममध्ये पाणीच पाणी, म्हणून मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता, मीठ अगदी शेवटी घालून, पाणी आटून कडेने तांबूस होईपर्यंत परतायचे. इथे घाई केली तर तेच पाणी उद्या सॉसमध्ये उतरतं. बटाटा गाजराच्या फोडी अर्धवट उकडून घेतल्या. सॉसला ४० ग्रॅम बटर, ४० ग्रॅम मैदा, मैद्याचा कच्चा वास जाईपर्यंत मंद आचेवर परतला आणि ४०० मिली दूध थोडं थोडं घालत व्हिस्कने ढवळत राहिले. मला हे ढवळणं फार आवडतं, दिवसभर डोक्यात जे काय गरगरत असतं ते त्या दहा मिनिटांत खाली बसतं. बुडबुडे आल्यावरही मिनिटभर शिजू द्यायचा, तेव्हा कुठे तो नीट दाट होतो. लसूण, मिरपूड, चिमूटभर जायफळ. मटार शेवटी. सगळं पसरट ताटात ओतून वाफ जाऊ दिली आणि मग फ्रिजमध्ये.

त्यामुळे आज घरी आल्यावर उरलं होतं फक्त लाटणं. ओव्हन २०० डिग्रीवर लावला, सारण डिशमध्ये भरलं, गोळा लाटून वर पसरला, कडा बोटांनी दाबल्या, वाफेसाठी मधोमध तीन चिरा, दुधाचा हात फिरवला आणि आत. सारण गार म्हणून चाळीस-पंचेचाळीस मिनिटं लागतात. आणि या पंचेचाळीस मिनिटांसाठी मी हा पाय करते, कारण आता माझं कामच नसतं. एरवी मी गरम गरम वाढत गॅसपाशी उभी, एकाचं होतं तेव्हा दुसरा बसतो, मी सगळ्यात शेवटी. पाय सगळ्यांना एकदमच वाढला जातो, मलासुद्धा.

बाहेर काढल्यावर तो लगेच कापायचा नाही, दहा-पंधरा मिनिटं तसाच ठेवायचा, उकळता सॉस जरा बसतो, नाहीतर पहिल्याच तुकड्याला सगळं वाहून जातं. डिश टेबलावर मध्ये, चिरांमधून सॉस बुडबुडतोय, सगळे भुकेले आणि कोणालाच काही करता येत नाही. नवरा ताटं मांडून बसला, धाकटा चिरांमधून येणाऱ्या वाफेकडे बघत, आणि मोठी, जी गेले आठ दिवस हो-नाहीच्या पुढे बोलत नव्हती, ती एकदम म्हणाली, आई मला रिलेच्या टीममधून काढलं. मागच्याच आठवड्यात. मी काही बोलणार तेवढ्यात नवऱ्याने टेबलाखालून पायाने खूण केली, थांब. मग तिने सगळं सांगितलं, बॅटन हातातून सुटलं ते, नंतर कोणी काही बोललं नाही ते, त्या कोणी न बोलण्याचाच जास्त त्रास झाला ते. पंधरा मिनिटांच्या वर गेलं असेल, कोणी सुरी उचलली नाही.

मग कापला. झाकण कुरकुर करत तुटलं, आतला सॉस जागच्या जागी राहिला, तिने दोनदा घेतला आणि कडेचा जास्त भाजलेला तुकडा, ज्यावरून दोघांचं नेहमी भांडण असतं, तो धाकट्याने गुपचूप तिच्या ताटात ठेवला. मी बघितलं पण बोलले नाही काही.

भांडी आवरताना ती मागे येऊन उभी राहिली, माझ्या मानेला हात लावला, बर्फासारखा गार, लहानपणापासून तिचे हात असेच आहेत. म्हटलं अगं, असे हात असल्यावर किसणी कशाला हवी, पुढच्या सोमवारी कणीक तू कर. म्हणाली, बटर किती घ्यायचं? मैद्याच्या निम्मं, मी म्हटलं.