आमची लाईन गेली

लग्नानंतर बायको पहिल्यांदा गावी आली तेव्हाची गोष्ट. गाव आमचं चोपड्याकडचं, बायको सांगलीची. मे महिना, दुपारचे दोन, ऊन असं की अंगणातलं कुत्रंसुद्धा माठाखालच्या ओल्या मातीत जाऊन पडलेलं, आणि पंखा फिरता फिरता हळू झाला आणि थांबला. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लगेच शेजारी फोन लावला, स्पीकरवर अर्थातच, आणि म्हणाले, "आमची लाईन गेली हो, तुमच्याकडे आहे का?" तिकडून काका म्हणतात, "आमचीपण गेली, पण मागच्या गल्लीत आहे म्हणे."

बायको तोंडाला पदर लावून आत पळाली. मला वाटलं ऊन लागलं की काय, जाऊन बघतो तर ही पलंगावर बसून हसून हसून बेजार. तिच्या कॉलेजात लाईन म्हणजे ज्याच्यावर आपला डोळा आहे तो किंवा ती. आणि इथे सासरे पासष्ठाव्या वर्षी गावभर सांगतायत की आमची गेली, मागच्या गल्लीत आहे.

तर त्यांच्याकडे लाईट जाते, आमच्याकडे लाईन जाते. ती अजून मला यावरून चिडवते, पण खरं सांगू का, आमचंच जास्त बरोबर आहे, कारण दुपारी दोनला लाईट लावलेलाच कोणी नसतो तर जाणार कुठून, जातो तो तारेतला करंट, आणि जो माणूस खांबावर चढून तो परत आणतो त्याला सांगलीतसुद्धा लाईनमनच म्हणतात, लाईटमन नाही म्हणत. हा मुद्दा मी तिला बऱ्याचदा सांगितलाय. काही उपयोग होत नाही.

तेव्हापासून मला नादच लागला, कोण कुठे लाईन म्हणतं ते टिपायचा. आणि एकट्या आमच्या घरातच इतका माल मिळाला की विचारू नका. केळीला ड्रिप आहे, म्हणजे विहिरीपासून मेन लाईन, तिच्यावरून सबमेन, आणि सबमेनवरून झाडाझाडापाशी जाणाऱ्या काळ्या नळ्या. त्या नळ्यांत गाळ बसतो, क्षार बसतात, मग शेवटचं टोक उघडून पाणी सोडून द्यायचं, याला लाईन धुणे म्हणतात. टोक उघडलं की आधी चहासारखं पाणी येतं, त्यात शेवाळ्याचे बारीक तुकडे, मग ते फिकं फिकं होत जातं आणि हाताला गार लागायला लागलं की समजायचं झालं. तर नाना आमच्या सालदाराला फोनवर जे सांगतात ते शब्दाला शब्द इथे देतो: "लाईन आली की आधी लाईन धुऊन घे, आणि मग ती बांधाकडची लाईन बघ, तिथं पाणी पोचत नाही." पहिली लाईन विजेची, दुसरी प्लास्टिकची, तिसरी केळीच्या झाडांची. सालदार फक्त "हाव" म्हणतो. बरोब्बर करून ठेवतो सगळं.

मामा भुसावळला रेल्वेत होते, आता रिटायर. त्यांच्यासमोर लाईन म्हणजे फक्त एकच. मुंबईहून आलेली लाईन भुसावळला फुटते, एक खंडव्याकडून इटारसीला, एक अकोल्याकडून नागपूरला. अमळनेर, नंदुरबारवरून जाणारी ती सुरत लाईन. मुंबईकडे जाणारी अप लाईन, मुंबईहून येणारी डाऊन. आणि आपली पॅसेंजर मागच्या एक्सप्रेसला वाट द्यायला स्टेशनात बाजूला काढून उभी करतात ती लूप लाईन, जिथे माझं अर्धं बालपण शेंगदाणे खाण्यात गेलंय.

पण मामांच्या तोंडून मला आवडलेला शब्द म्हणजे लाईन क्लिअर. आम्ही पोरं हा शब्द वेगळ्याच कामाला वापरायचो, अमुक मुलीचं कुठे काही चालू नाही ना, मग लाईन क्लिअर आहे, कर ट्राय. मामांनी एकदा नीट समजावून सांगितलं की हा जीवन-मरणाचा शब्द आहे. दोन स्टेशनांच्या मधल्या तुकड्यात एका वेळी एकच गाडी, त्यामुळे पुढच्या स्टेशनने लाईन क्लिअर दिल्याशिवाय मागच्या स्टेशनमास्तरने गाडी सोडायची नाही म्हणजे नाही. एकेरी मार्गावर तर पूर्वी ड्रायव्हरच्या हातात गोळा द्यायचे, लोखंडी गोळा, चामड्याच्या पिशवीत, पिशवीला मोठी वेताची रिंग, आणि गाडी न थांबता जात असली तर ती रिंग चालत्या गाडीत हातात अडकवून घ्यायची. गोळा हातात आहे म्हणजे समोरून दुसरी गाडी येणार नाही. मामा म्हणाले, "तुमच्यासारखं नाही, आम्ही समोरच्याला विचारून जायचो." मी तिथून उठलो.

आता मूळ शब्दाकडे. मी उगाच डिक्शनरी उघडली आणि तासभर तिथेच. लाईन हा शब्द लॅटिनमधल्या लिनेआवरून आला, लिनेआ म्हणजे दोरा, आणि हा दोरा कशाचा, तर लिनमचा, आणि लिनम म्हणजे जवस! आपलं जवस! जवसाच्या खोडातून धागा निघतो, त्याचं कापड ते लिनन, आणि त्याचं बी ते लिनसीड. म्हणजे आधी जवसाचा दोरा, मग तो ताणून धरला की जी सरळ रेघ दिसते ती लाईन, मग पुढे रांग, तार, रूळ, सगळं त्याच्यामागून आलं. कपड्याला आतून लिनन लावायचे म्हणून लायनिंग, जे आमच्या बाजारातला टेलर अजून "अस्तर लावू का लायनिंग लावू" असं दोन वेगळ्या वस्तू असल्यासारखं विचारतो.

हे वाचल्यावर मला आमचा गवंडी आठवला. भिंत सरळ येते का बघायला दोन टोकांना खिळे मारून जी दोरी ताणतात तिला तो लाईनदोरी म्हणतो. "लाईनदोरी दे रे." म्हणजे मुळात गेलं तर दोरीदोरी. हसण्यासारखं आहे, पण दोन हजार वर्षांपूर्वीचा अर्थ जर कोणी जसाच्या तसा हातात धरला असेल तर तो या माणसाने, सिमेंटने माखलेल्या बोटांनी.

डेडलाईनचं मात्र वाचून अंगावर काटा आला. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६४ साली, जॉर्जियातल्या अँडरसनव्हिल इथे युद्धकैद्यांचा तळ होता, त्याच्या कुंपणाच्या आत थोडं अंतर सोडून एक साधा लाकडी कठडा घातलेला, तो ओलांडला की पहारेकरी गोळी घालणार. ती डेडलाईन. आमच्या ऑफिसात दर शुक्रवारी ती चारदा ओलांडली जाते आणि सगळे सुखरूप घरी जातात.

एक गंमत अजून. राज्य केलं आपल्यावर इंग्रजांनी, आणि इंग्रज रांगेला लाईन म्हणतच नाही, तो क्यू म्हणतो, लाईन म्हणतो अमेरिकन. आणि आपण बघा, रेशनला लाईन, गॅसला लाईन, दर्शनाला लाईन. बँकेत पाटीवर "कृपया रांगेत उभे राहा" लिहिलेलं असतं आणि त्या पाटीखाली शिपाई ओरडत असतो, लाईनीत या, लाईनीत या. लाईनीत! स्त्रीलिंगी करून, विभक्ती लावून घरात घेतली आपण तिला, सुनेसारखी. त्यामुळे मराठी वाचवा म्हणून जे लाईनच्या मागे लागतात त्यांच्याशी माझं जमत नाही. फक्त एका ठिकाणी मला त्रास होतो, कोणी कवितेच्या "दोन लाईनी" म्हणालं की. तिथे ओळच पाहिजे. का ते सांगता येणार नाही, पाहिजे म्हणजे पाहिजे.

आणि ओळ काय कमी आहे का, दीपावली म्हणजे तरी काय, दिव्यांची ओळ, अख्खा सण ओळीच्या नावाने. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या वेळी नेमकी लाईन जाते आणि पणत्यांची ओळ तेवढी राहते, पण ते जाऊ द्या.

परवा गावी गेलो तर हा जवसाचा शोध आईला सांगितला. आई ओट्यापाशी खाली बसून जवस निवडत होती, कळण्याच्या भाकरीबरोबर चटणी पाहिजे असं मीच फोनवर सांगून ठेवलेलं. म्हणलं आई, तुझ्या ताटलीत आहे ना, त्याच्यापासून लाईन हा शब्द आलाय. तिने सगळं ऐकून घेतलं, जवस कढईत टाकलं, तडतडेपर्यंत हलवलं, लसूण, मिरची, मीठ, सगळं मिक्सरच्या भांड्यात भरून झाकण लावलं. बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं.

"लाईन गयी ना भो," आई म्हणाली. "येऊ दे, मंग वाटसू."