युंगायच्या मिठातले जीव: नमुने आणायला जाणाऱ्यांसाठी

पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं. तेवढ्या ओलीवर जगणारे जीव पाहायचे तर चिलीतल्या अटाकामा वाळवंटात युंगायला जायला हवं. अंतोफागास्ता शहराच्या आग्नेयेला, 70-80 किलोमीटरवर हे जुनं, ओसाड रेल्वे स्टेशन आहे. 1994 ते 1998 या चार वर्षांत तिथे दखल घेण्याजोगा पाऊस एकदाच नोंदला गेला, 2.3 मिलिमीटर.

हमरस्ता सोडला की कच्ची वाट लागते. मिठाच्या कडक पापुद्र्याच्या कडा टायर कापतात, म्हणून दोन जादा चाकं न्यावीत. माणशी दिवसाला किमान पाच लिटर पाणी ठेवावं आणि मोबाईलवर विसंबू नये. गाडी जुन्या चाकोरीतूनच न्यावी: पाऊसच नसल्याने इथे उमटलेली चाकोरी वर्षानुवर्षं पुसली जात नाही आणि पुढच्या गटाची जागा नासते.

पहिल्याच खेपेला मातीच्या मागे लागू नये. 2003 मध्ये राफाएल नवारो-गोन्सालेस यांच्या गटाला इथल्या मातीतून डीएनए काढता आला नाही. 2006 मध्ये यात्सेक व्येश्खोस यांच्या गटाला मात्र मिठाच्या ढेकळांच्या आत सायनोबॅक्टेरिया (उन्हावर स्वतःचं अन्न करणारे जीवाणू) सापडले. कारण सोपं आहे. हवेची आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ वाफ ओढून घेतं आणि खारं पाणी तयार होतं. ढेकळातल्या अतिसूक्ष्म छिद्रांत तर बाहेरची हवा त्याहून कोरडी असतानाही पाणी धरून राहतं.

नमुने पहाटे घ्यावेत. दुपारी पश्चिमेचा वारा सुटतो आणि त्याच्या धुळीबरोबर जिवंत सूक्ष्मजीवही येतात. ढेकूळ वाऱ्याकडे ठेवून आपण त्याच्या मागच्या बाजूला बसावं. हातमोजे घालावेतच, एरवी उन्हासाठी हाताला चोपडलेलं मलम थेट नमुन्यात जातं. छिन्नी-हातोडी 70 टक्के स्पिरिटने पुसून ज्योतीवर धरावी आणि पूर्ण निवू द्यावी. घाई इथेच नडते: त्या स्पिरिटमध्ये उरलेला भाग पाणीच असतो, आणि ओली छिन्नी लागली की मीठ तिथल्या तिथे विरघळतं.

ढेकूळ फुटलं की पांढऱ्या मिठात, पृष्ठभागाखाली काही मिलिमीटरवर, राखाडी-हिरवट पट्टा दिसतो. अगदी पुसट असतो. उन्हात डोळे दिपलेले असताना तो हमखास नजरेतून सुटतो, म्हणून तुकडा सावलीत धरून बघावा. हिरवा रंग नाही म्हणून ढेकूळ फेकू नये, कारण इथल्या वस्तीत मीठप्रिय आर्किया (जीवाणूंहून वेगळ्या गटातले, हिरवे नसलेले सूक्ष्मजीव) बहुसंख्य असतात. सायनोबॅक्टेरियांना सुरुवातीला क्रोओकॉक्सिडिओप्सिस म्हटलं गेलं, नंतरच्या कामात ते हॅलोथेसी या दुसऱ्या गटाच्या जवळचे ठरले. जुने लेख वाचताना हा घोळ ध्यानात ठेवावा.

तुकडे निर्जंतुक पिशवीत, सिलिका जेलसह, अंधारात आणि साध्या तापमानाला ठेवावेत. बर्फाच्या पेटीचा मोह टाळावा: गार नमुना उष्ण हवेत उघडला की त्यावर दव धरतं आणि झोपलेले जीव जागे होतात. मिठातल्या जिवांचं प्रमाण इतकं कमी असतं की कोऱ्या नमुन्यांशिवाय (ढेकूळ न घालता, फक्त बाहेरची भेसळ ओळखायला घेतलेले) आकडे निरर्थक. एक पिशवी तिथल्या हवेत उघडून बंद करावी, एक फाया छिन्नीवर फिरवावा आणि डीएनए काढायच्या संचाचाही एक कोरा प्रयोग चालवावा.

प्रयोगशाळेत ढेकूळ साध्या पाण्यात विरघळवू नये. मीठप्रिय पेशी त्यात फुटतात आणि त्यांचा डीएनए द्रावणात वाहून जातो. 20 टक्के मिठाच्या पाण्यात विरघळवून पेशी आधी वेगळ्या कराव्यात. शिवाय कोरड्या वाळवंटात मेलेल्यांचा डीएनएही टिकतो. त्यामुळे पेशीच्या आतला आणि बाहेरचा डीएनए वेगवेगळा काढल्याशिवाय 'जिवंत आहे' असं लिहू नये. अनपेक्षित पावसानंतर तर हे आणखीच महत्त्वाचं: 2018 च्या एका अभ्यासानुसार तिथे पावसाने साचलेल्या डबक्यांत आधीच्या 16 पैकी दोन ते चारच प्रजाती उरल्या होत्या. पाणी आलं आणि कोरडेपणाला सरावलेले जीव बुडाले.

वेळ उरला तर उत्तरेला सलार ग्रांदे हे मिठाचं मैदान बघावं. तिथे समुद्राचं धुकं, कामांचाका, पोहोचतं आणि मिठात सायनोबॅक्टेरियांबरोबर हिरवं शैवालही सापडतं. माती किंवा दगड भारतात आणायचे असतील तर आयातीचा परवाना निघण्याआधीच काढावा. विमानतळावर समजावून सांगून काही होत नाही.