गोदावरीवरचा बाण: रामकुंडाचं वळण जमलं

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या जिओमेट्री नोड्समधला (नोड म्हणजे एकेक काम करणारे ठोकळे, ते जोडून आकार घडवायचा) माझा गोदावरीचा हलता नकाशा आता नीट चालायला लागलाय. बाण ब्रह्मगिरीवरून निघतो, गंगापूर धरण मागे टाकतो आणि नाशिक ओलांडून नांदूरमध्यमेश्वरला थांबतो. मागे निळी रेघ उमटत जाते.

मूळ जोडणी सोपी आहे. सीन टाइमचे सेकंद मॅप रेंजमधून ० ते १ करून घेतले, क्लॅम्प चालू ठेवला, म्हणजे आकडा या हद्दीबाहेर जात नाही. तोच आकडा सॅम्पल कर्व्हच्या (कर्व्हवरची, म्हणजे नदीच्या रेषेवरची, जागा देणारा नोड) फॅक्टरला आणि ट्रिम कर्व्हच्या (रेघ तिथवरच ठेवणारा नोड) एंडला दिला. दोन्ही नोड लांबीच्या हिशेबाने चालतात. पॉइंट कुठे दाट, कुठे विरळ असले तरी वेग बदलत नाही आणि रेघ बाणाला सोडत नाही. बाणाचा ओरिजिन (ज्या बिंदूने तो जागेवर बसतो) मात्र टोकावर हवा.

खरा कस लागला रामकुंडाशी. पूर्वेकडे जाणारी गोदा इथे दक्षिणवाहिनी होते, आणि नाशिककरांच्या लेखी या वळणाचं मोल फार मोठं. नेमका तिथेच बाण थरथरायचा. नदी हाताने गिरवली की कर्व्हमध्ये बारीक कोपरे राहतात, आणि बाणाला दिशा देणारा टँजंट (त्या बिंदूवरची कर्व्हची दिशा) प्रत्येक कोपऱ्यावर बदलतो. कर्व्ह गुळगुळीत करता आला असता, पण मग वळणच बोथट झालं असतं. ते मला अजिबात नको होतं.

म्हणून दिशेसाठी टँजंट वापरणंच सोडलं. सॅम्पल कर्व्ह आणखी दोनदा लावला: एकाचा फॅक्टर ०.०१ ने पुढे, दुसऱ्याचा तेवढाच मागे. पुढच्या पोझिशनमधून मागची वजा केली की दिशा मिळते. ती अलाइन रोटेशन टू व्हेक्टर या बाण वळवणाऱ्या नोडला दिली, अक्ष एक्स आणि पिव्हट झेड, म्हणजे बाण नकाशावर सपाटच राहतो. बाणाची जागा अर्थातच मधल्या सॅम्पलवरून. आता बाण वळणाच्या जरा आधीच कलायला लागतो, नावाडी होडी वळवतो तसा. हे बघायला फार छान वाटतं! ०.०१ हा आकडा माझ्या कर्व्हपुरता. तुमची नदी लांब असेल तर तो कमी करून बघा.

रामकुंडाशी बाण रेंगाळावा म्हणून मॅप रेंजनंतर फ्लोट कर्व्ह (आकड्याची चाल रेषेने आखायचा नोड) घातला. त्यातली रेषा जिथे आडवी, तिथे बाण थबकतो. जिथे चढ, तिथे धावतो. की-फ्रेम (वेळेवर हाताने लावलेली खूण) एकही नाही.

पुढचं काम गोदावरीला मिळणारी दारणा नदी. तिचा वेगळा स्प्लाइन (रेषा) त्याच कर्व्ह ऑब्जेक्टमध्ये काढलाय. कर्व्ह इंडेक्स (रेषेचा क्रमांक) बदलून दुसरा बाण सोडायचा आणि दोघे संगमावर एकाच फ्रेमला पोचवायचे.