कवडसा गोलच का?

तीन दिवस लॅपटॉप उघडून बसत होते आणि काही म्हणजे काही सुचत नव्हतं. चार ओळी टाइप करायच्या, वाचून बघायच्या, दुसऱ्याच कुणाच्या तरी वाटल्या की डिलीट करायच्या आणि उठून पाणी प्यायचं. त्या तीन दिवसांत माझ्याइतकं पाणी कुणी प्यायलं नसेल.

असं अडलं की लोक सल्ले देतात, फिरून ये, झोप काढ वगैरे. लिओनार्दो दा विंचीनं तर चित्रकारांना लिहून ठेवलंय की डाग पडलेल्या भिंतीकडे बघत बसा, त्यात डोंगर, नद्या, लढाया दिसतील. मीही बघितलं. मला फक्त ओल दिसली, आणि प्लंबरला फोन करायचा राहिलाय हे आठवलं.

तर चौथ्या दिवशी सुट्टीला आलेला भाचा, वय वर्षं सात, फरशीवर पालथा पडलेला दिसला. हातात मोबाईल नाही आणि आवाजही नाही म्हणजे नक्की काहीतरी उद्योग चाललाय म्हणून बघायला गेले, तर पडद्याच्या फाटक्या भोकातून कवडसा पडला होता आणि हा त्याच्यावर बोट ठेवत होता. बोट ठेवलं की कवडसा बोटावर चढायचा, काढलं की परत फरशीवर.

"आत्या, भोक तर तिकोनी आहे. मग हा गोल कसा?"

"अरे, कवडसा आहे तो," मी म्हटलं.

"हो, पण गोल का?"

आता आली का पंचाईत. तो पडदा फाटून दोन वर्षं झाली, रोज सकाळी तो ठिपका तिथे पडतो, आणि मी एकदाही भोकाचा आकार आणि ठिपक्याचा आकार शेजारी ठेवून बघितला नव्हता. कारण मला कवडसा हा शब्द येत होता ना! शब्द आला की आपण वस्तूवर शिक्का मारून ती फाइल करून टाकतो. त्याला शब्द माहीत नव्हता, म्हणून तो बघत होता.

मग काम गेलं उडत. जुन्या वहीचा पुठ्ठा घेतला, त्याला एक बारीक तिकोनी भोक पाडलं, एक चौकोनी, आणि उन्हात धरला. भिंतीच्या अगदी जवळ धरला तर तिकोनाचा तिकोन आणि चौकोनाचा चौकोन. मग भाचा पुठ्ठा घेऊन एकेक पाऊल मागे यायला लागला, तसे कोपरे विरघळत गेले आणि खिडकीपाशी येईस्तोवर दोन्ही गोल! पोरगं किंचाळलंच. मीही किंचाळले बहुतेक.

मग शोधाशोध केली. तो गोल भोकाचा नाहीच, सूर्याचा आहे. भोक बारीक आणि फरशी त्याच्यापासून पुरेशी दूर असली की समोर चक्क सूर्याची प्रतिमा उमटते, तीही उलटी. ऊन तिरपं असेल तर ती लांबट होते, अंड्यासारखी. झाडाखाली जे गोल गोल ठिपके पडतात तेही सगळे सूर्यच, पानांमधल्या फटी कशाही वेड्यावाकड्या असू देत. म्हणून तर खंडग्रास ग्रहणात झाडाखाली शेकडो चंद्रकोरी पडतात. भाच्याचा हा प्रश्न अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या प्रश्नसंग्रहातही आहे, आणि खगोलशास्त्रज्ञ केप्लरनं १६०४ मध्ये तो नीट उलगडून मांडला. म्हणजे बघा, मोठमोठी माणसं ज्याच्यात अडकली त्याच्यावर मी रोज झाडू फिरवत होते.

मोजायचं वेडही लागलं. भोकापासून फरशी तीन मीटरवर असेल तर ठिपका साधारण पावणेतीन सेंटीमीटरचा, आणि तो साधारण दोन मिनिटांत आपल्या रुंदीइतका सरकतो. आम्ही खडूनं गोल आखला, गप्पा मारल्या, बघितलं तर पठ्ठ्या बाहेर! पृथ्वी फिरते हे शाळेत शिकले होते, फिरताना कधी पकडलं नव्हतं. आणि तो उजेड सूर्यावरून निघून आठ मिनिटं आणि वीस सेकंद झालेली असतात. भाचा म्हणाला, "म्हणजे हा शिळा आहे?" यावर काय बोलणार.

मग त्याचं लक्ष उजेडाच्या पट्ट्यात तरंगणाऱ्या धुळीकडे गेलं. या कणांना आपल्याकडे त्रसरेणू म्हणतात, जाळीतून येणाऱ्या उन्हात दिसणारा बारीकसा कण. जुन्या ग्रंथात मापांची सुरुवातच त्याच्यापासून केलीये. कुणीतरी कधीतरी असंच खिडकीपाशी रिकामं बसून धूळ बघितली असणार त्याशिवाय हे सुचणार नाही. शब्द मला भारी वाटला, भाच्याला नाही, तो फुंकर मारून सगळ्या त्रसरेणूंची पळापळ करण्यात दंग होता.

त्या रात्री लिहायला बसले आणि लिहिलं. ग्रेट काही नाही, पण डिलीट करावंसं वाटलं नाही.

भाचा घरी गेला. खडूचे सात गोल अजून फरशीवर आहेत, एका तिरप्या ओळीत, शेजारी त्याच्या अक्षरात वेळा लिहिलेल्या. कवडसा आता त्यातल्या एकातही नीट बसत नाही, कारण दिवसागणिक सूर्याची वाटही थोडी सरकते. पडदा शिवायचा राहिलाय. आणि फरशी पुसताना मी त्या गोलांना वळसा घालून पुसते.